ज्याचं चित्र नीट, त्याची गोष्ट

३ मार्च

व्याहीबुवा,

नमस्कार. विनंती काहीच नाही, विशेष मात्र बरंच आहे.

काल मंगळवार होता. मंगळवार माझा. आपल्या नातीला निजण्यापूर्वीची गोष्ट कोणी कधी सांगायची याचा तक्ता मी स्वतः करून तुमच्याकडे पाठवला होता: सोम, बुध, शुक्र तुमचे, मंगळ, गुरू, शनि माझे, रविवारी भिंगरीला सुट्टी. असं असताना कालची गोष्ट तुम्ही सांगितलीत.

तुम्ही म्हणाल, मुलीचा फोन आला म्हणून सांगितली. खरं आहे. माझी बस नुकतीच आगारातून निघाली होती (गोष्टीतली), तेवढ्यात पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागलं. भिंगरीचं तोंड अर्धं उघडं राहिलं, मग तिचे चौकोन चौकोन झाले, मग सगळं काळं. मी "हॅलो, हॅलो" करत राहिलो. सौ. म्हणाली, एवढं ओरडताय तर नेट कशाला हवं, आवाज तसाच समुद्रापलीकडे जाईल.

मग सूनबाईंचा, म्हणजे तुमच्या कन्येचा, निरोप आला. गोष्ट मध्येच तुटली की भिंगरी झोपत नाही आणि दुसऱ्या दिवशी बालवर्गात पेंगते. म्हणून तिने नवा नियम केलाय. ज्याची पाळी त्याला आधी फोन. चित्र अडकलं की लगेच दुसऱ्या आजोबांना. ज्याचं चित्र नीट, त्याची गोष्ट. आणि दोघांचंही धड चाललं नाही तर मे अखेर ती गोष्टी सांगणारं एक यंत्र आणणार आहे. ते तिथल्या भाषेत गोष्ट सांगतं, कधी अडकत नाही, कधी खोकत नाही. खोकण्याचा टोला मला होता.

व्याहीबुवा, जन्मभर मी बस आगारात वेळापत्रकं केली. आता निवृत्त झाल्यावर माझ्या दिवसात धावणारी अशी ती संध्याकाळची गोष्टच तेवढी आहे. बाकीचा दिवस नुसता उभा असतो. ती यंत्राला द्यायची माझी तयारी नाही. तुम्हालाही द्यायची नाही, हे मोकळेपणाने सांगतो. फोनवर बायका शेजारी बसून ऐकतात, त्यामुळे आपण दोघंही गोड बोलतो. म्हणून लग्नाच्या बोलणीपासून आपण खरं भांडण पत्रातच ठेवलंय, तेच पुढे चालवू.

तेव्हा विचारतो: तुमच्याकडे नेटची कोणती कंपनी? आमच्याकडे निळी. गाडी निळी, भिंतीवरचा डबा निळा, आणि संध्याकाळ झाली की आम्हीही निळे.

आपला,
मंगळवारचा हक्कदार

ता. क. भिंगरी मध्येच विचारत होती की पाणघोड्याची उचकी थांबली का. माझ्या गोष्टीत पाणघोडा नाही. तुमचा असेल तर आवरा.

•

९ मार्च

व्याहीसाहेब,

पत्र पोचलं. तुमचं अक्षर बघितलं की मी फलाटावर उभा आहे असं वाटतं. एक ओळ वाकडी नाही, एक शब्द उशिरा नाही.

मंगळवारबद्दल मनापासून वाईट वाटलं. गोष्ट सांगताना मध्ये एकदा तुमची आठवणही आली. पण मूल डोळे मोठे करून समोर बसलेलं असताना तुमच्या तक्त्यात आज कोणाचा वार आहे हे बघायला कोण उठतो?

आमच्याकडे पिवळी कंपनी. इमारतीत ती घेणारा मी एकटाच, बाकी सगळे निळीवर. एकटा असल्यामुळे माझ्या तारेत मी पाय पसरून बसतो. काल भिंगरीच्या नाकावरचा शाईचा डागही स्पष्ट दिसला.

पण तुम्ही निळी सोडू नका. हे मी व्याही म्हणून नाही, विक्रेता म्हणून सांगतोय. आयुष्यभर साबण विकला, माल ओळखता येतो. निळीचा डबा हातात घेऊन बघा, किती जड आहे. हलका माल कधी कोणी जड डब्यात घालत नाही. जरा धीर धरा, सुधारेल. बघा, पटलं तर घ्या.

पाणघोडा माझाच. त्याने साबणाची अख्खी वडी गिळलीय आणि प्रत्येक उचकीला तोंडातून फुगा निघतो. फुग्यात बसून तो कुठे जाणार हे अजून मलाच माहीत नाही.

पुढच्या आठवड्यात तुमच्या शहरात येतोय, एका जुन्या साबणवाल्या दोस्ताकडे. वेळ फार कमी आहे. तुमच्याकडे यायला जमेलसं दिसत नाही, राग मानू नये.

आपला,
मुलीचा बाप असूनही ताठ मानेचा

•

२४ मार्च

व्याहीबुवा,

आमच्याकडे यायला तुम्हाला जमलं नाही, पण आमच्या इमारतीत यायला जमलं, असं दिसतं.

आमच्याकडे निळीवर मोजकी पाच बिऱ्हाडं होती. बाकी सगळी पिवळीवर. गेल्या गुरुवारी मी सौ.च्या डोळ्यांच्या तपासणीला गेलो होतो. परत आलो तर लिफ्टपाशी गर्दी आणि सगळ्यांच्या हातात साबणाची एकेक वडी. पहारेकरी सांगत होता की पांढऱ्या भरघोस मिशांचे एक गृहस्थ आले होते. ओळख विचारली तर म्हणाले, निळीचा एक समाधानी ग्राहक. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना त्यांनी डबा उचलून वजन बघायला लावलं. तिसऱ्या मजल्यावर नेटवरून वर्ग घेणाऱ्या नृत्यशिक्षिकेला सांगितलं की पिवळीवर पाय दिसतात पण घुंगरू ऐकू येत नाही. आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी, बघा, पटलं तर घ्या.

सगळ्यांना पटलं. दोन दिवसांत अख्खी इमारत निळी झाली. हातची गिऱ्हाइकं गेली म्हणून पिवळीची गाडी फाटकाशी येऊन उभी राहिली आणि दोन महिने फुकट असं कर्ण्यावरून ओरडू लागली. तिच्यासमोर निळीची गाडी येऊन तीन महिने म्हणू लागली. दोन्ही गाड्यांच्या मध्ये आमची दूधवाली अडकली.

आणि संध्याकाळी सगळे एकदम निळीवर. मी कंपनीच्या कचेरीत गेलो. तिथल्या मुलीने फार गोड शब्दांत सांगितलं की इमारतीत येणारी मुख्य तार एकच असते, ती सगळ्यांत वाटली जाते. मी म्हटलं, बाई, बस एकच, आसनंही तेवढीच, आणि तिकिटं मात्र तुम्ही सगळ्यांना खिडकीची विकलीत. ती हसली आणि मला तक्रारीचा क्रमांक दिला.

गेल्या आठवड्यात माझी एकही गोष्ट पुरी झालेली नाही. सगळ्या तुमच्याकडे गेल्या. तुमचं अभिनंदन करायला हवं, पण शाई संपत आलीय.

आपला,
तुम्हाला ओळखून असलेला

ता. क. परवा भिंगरी मला म्हणाली, पाणघोड्याने तिकीट काढलं का? तुमचा पाणघोडा माझ्या बसमध्ये चढलाच कसा?

•

३० मार्च

व्याहीसाहेब,

तुमचं पत्र वाचून मी थक्क झालो. पांढऱ्या मिशा काय मला एकट्यालाच आहेत? साबण काय जगात एकच माणूस वाटतो? कोणी सद्गृहस्थ तुमच्या इमारतीत येऊन लोकांच्या भल्याचं चार शब्द बोलला तर त्याला लगेच माझं नाव देणं बरं नव्हे. शिवाय घुंगराचं वाक्य फार चांगलं आहे. माझं असतं तर मी कबूल केलं असतं.

पाणघोड्याबद्दल उलट माझीच तक्रार आहे. मी त्याला छान फुग्यात बसवून नदीवर सोडला होता. दुसऱ्या दिवशी भिंगरी म्हणते, नाही आजोबा, तो आता बसमध्ये आहे, आणि ही बस शेवटच्या थांब्याला जातच नाही. मी म्हटलं, बस कुणी आणली? ती नुसती हसते. मग मला त्या बसमध्ये तुमच्यासारखा एक कडक वाहक घालावा लागला. तो पाणघोड्याला उचक्यांचं वेळापत्रक करून देतो. तिला फार आवडला.

आमची मंडळी मात्र माझ्याशी हल्ली बोलत नाही. तुमच्या शहरात जाण्याआधी मी आरशासमोर जरा सराव... म्हणजे जरा मोठ्याने विचार करत होतो, ते तिने ऐकलं. तेव्हापासून ती माझ्याकडे विचारात पडल्यासारखी बघते. असो.

आपला,
निर्दोष

•

१४ एप्रिल

व्याहीबुवा,

तुमच्या सराव या शब्दापुढची टिंबं मी वाचली. पण आज मी उदार आहे, कारण मी जिंकतोय.

कंपनी काही करणार नाही हे कळल्यावर मी माझ्या जुन्या धंद्याकडे वळलो. गर्दी बसमुळे होत नाही, सगळे एकाच वेळी निघाल्यामुळे होते. मी इमारतीतल्या सगळ्या बिऱ्हाडांत जाऊन बसलो, चहा पिऊन पिऊन पोट बिघडवून घेतलं, आणि कोण कधी काय बघतं ते विचारलं. दातांच्या डॉक्टरांना सामने संध्याकाळीच बघायचे असतात असं नाही, नंतर बघितले तरी चालतात. निकाल त्यांना आधीच कळलेला आवडतो. नृत्यशिक्षिकेचा वर्ग थोडा अलीकडे आला. वरच्या मजल्यावरची जुळी भावंडं खेळ खेळतात, त्यांना मी जेवणानंतरची वेळ दिली आणि त्यांच्या आईने मला दुवा दिला. भिंगरीच्या गोष्टीच्या वेळी तारेवर मी एकटा.

गेले आठ-दहा दिवस माझी बस विनाथांबा धावतेय. सूनबाई म्हणाल्या, बाबा, किती स्वच्छ दिसताय, आज दाढी केलीत वाटतं. मी रोजच करतो. ती आता दिसायला लागली इतकंच.

सगळ्यांच्या सोयीसाठी मी ते वेळापत्रक सुवाच्य अक्षरात लिहून प्रवेशद्वारातल्या फलकावर लावलं आहे. भिंगरीच्या वेळेचा रकाना रिकामा सोडलाय, शोभेसाठी भोवती लाल चौकट केलीय.

आपला,
वेळेवर पोचलेला

•

२० एप्रिल

व्याहीसाहेब,

तुम्ही जिंकताय ते दिसतंय, कारण मी हरतोय.

खरं सांगून टाकतो. तुमच्या इमारतीतला तो सद्गृहस्थ मी. एवढा माल खपवल्याचा मला फार अभिमान होता. पण झालं काय, आरशासमोरचा माझा सराव मंडळींनी तीन दिवस ऐकला. डब्याचं वजन ऐकलं, घुंगरू ऐकलं. तिला पटलं. मी तुमच्या शहरात होतो तेवढ्यात तिने निळीसाठी अर्ज करून टाकला, आणि गेल्या सोमवारी त्यांची माणसं येऊन आमची पिवळी तार उपटून नवा जड डबा लावून गेली. मी म्हटलं, अगं, हे काय केलंस. ती म्हणाली, तुम्हीच तर म्हणत होता. आता तिला काय सांगू, की मी म्हणतो ते खरं नसतं? चाळीस वर्षांच्या संसारात एवढं एकच वाक्य मी बोललेलो नाही.

आमच्या इमारतीत आधीच सगळे निळीवर, त्यात आता मीही. भिंगरी समोर येते ती टपालाच्या तिकिटाएवढी आणि तेवढीच हलते.

सध्या गोष्ट तुमचीच चालू द्या. पाणघोड्याला जपा. त्याला पाणी आवडतं, बसच्या खिडकीपाशी बसवा.

आपला,
स्वतःच्याच मालाचं गिऱ्हाईक

•

२८ एप्रिल

व्याहीबुवा,

तुमच्या पत्रावर मी पोटभर हसलो. सौ.ला वाचून दाखवलं, तीही हसली. मग हसू आवरतं घेतलं, कारण आमचीही वाट लागली होती.

तुम्ही विक्रेते आहात, तुमच्या लगेच लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला आठवडा गेला. जन्मभर आगारात आम्ही एक गोष्ट पाळली: कोणती गाडी रिकामी जाते हे प्रवाशांना सांगायचं नाही. आणि मी काय केलं? रिकामी गाडी कोणती ते सुवाच्य अक्षरात लिहून, भोवती लाल चौकट करून, प्रवेशद्वारात लावलं. जुळ्या भावंडांनी पहिलं वाचलं. मग डॉक्टरांनी. आता भिंगरीच्या गोष्टीच्या वेळेला अख्खी इमारत तारेवर असते आणि उरलेला दिवस तार मोकळी. फलक उतरवला, पण लोकांना आता पाठ आहे. नृत्यशिक्षिका म्हणाली, काका, तुमचे उपकार कसे फेडू.

काल सूनबाईंचा फोन आला. आवाज थकलेला होता. म्हणाली, बाबा, मी तुम्हाला दोष देत नाही, पण रोज एकीकडून तोडायचं, दुसरीकडे जोडायचं, मधल्या वेळात ही पलंगावर उड्या मारते. यंत्र दुकानात बघून आलेय. मे अखेरपर्यंत थांबते म्हटलंय, थांबेन.

व्याहीबुवा, मला वाईट वाटलं. भिंगरीशी मी माझ्या भाषेत बोलतो असे दिवसातले तेवढेच क्षण आहेत. यंत्राला आपली भाषा येत नाही. उद्या ती मोठी झाली आणि तिला माझी बस कळलीच नाही, तर मी काय सांगून गेलो असं होईल?

ऐका. हिरवी म्हणून तिसरीच कंपनी आलीय. प्रत्येक घराला वेगळी तार, वाटणी नाही असं म्हणते. तुमच्या शहरातही आलीय का बघा. मी घेतोय. तुम्हीही घ्या. मात्र कोणाला सांगू नका, विकू नका, आणि आरशासमोर तर मुळीच बोलू नका.

आपला,
तहाचा पांढरा रुमाल हातात घेतलेला

•

१२ मे

व्याहीसाहेब,

हिरवी लागली. मंडळींना मी काही बोललो नाही, फक्त एक उसासा टाकून निळ्या डब्याकडे बघितलं. संध्याकाळपर्यंत तिने स्वतःच हिरवीला फोन केला. विक्रीतली ही सर्वांत कठीण कला आहे, तुम्हाला म्हणून सांगितली.

तार काय सुरेख आहे. मी अख्खा सामना बघितला, एकदाही चक्र नाही. खात्री करावी म्हणून फोनवर आणि टीव्हीवर, दोन्हीकडे एकदम बघितला. तरीही नाही.

पण एक कळत नाही, आणि म्हणून हे पत्र. भिंगरी अजून अडकते. सोमवारी माझा पाणघोडा बसच्या टपावर चढला होता, खाली पूल, पुढे बोगदा. ऐन बोगद्यात ती थिजली. तोंड अर्धं उघडं, हात वर. मी हलवून बघितलं, म्हणजे फोन हलवून. मग फोन तुटला. चौकशी केली तर त्या दिवशी बोगद्यातून पुढची गोष्ट तुम्ही सांगितलीत. मंगळवारी तुमच्याकडे अडकली आणि माझ्याकडे आली. हिरवीचा माणूस येऊन गेला, म्हणाला तुमची तार उत्तम आहे, दोष तिकडचा असेल. तिकडे जावईबापूंनी तपासलं, तेही म्हणतात उत्तम.

मुलीने परवा सांगितलं की मेच्या शेवटच्या रविवारी यंत्र आणणार. मी तिला काहीतरी विकायचा प्रयत्न केला, पण या वेळी शब्दच सुचेनात. माझ्या आयुष्यात असं झालेलं नाही. मंडळी म्हणाली, पाणी प्या.

तुम्ही वेळापत्रकाचे माणूस. काहीतरी बघा.

आपला,
बोगद्यात उभा

•

१६ मे

व्याहीबुवा,

हे पत्र जलद टपालाने पाठवतोय. वाचून झाल्यावर फाडा, किंवा विहीणबाईंपासून तरी लपवा.

काल पाळी माझी होती. बसचं एक चाक चिखलात रुतलं होतं आणि पाणघोडा ते उपसायला उतरणार, तेवढ्यात भिंगरी थिजली. तोंड अर्धं उघडं, एक बोट हवेत. दर वेळी मी अशा वेळी तिच्या चेहऱ्याकडेच बघत राहतो, परत कधी हलतेय म्हणून. काल माझा चष्मा घसरला आणि नजर मागच्या भिंतीवर गेली. भिंतीवर घड्याळ आहे. त्याचा काटा चालत होता.

मी आयुष्यात इतकी घड्याळं बघितली, पण एवढं सुंदर चालताना एकही नाही. खिडकीचा पडदाही हलत होता. घरातलं सगळं हलत होतं, थिजली होती फक्त ती. पोर जागेवर बसत नाही म्हणून आपण तिचं नाव भिंगरी ठेवलं, आणि तीच शहाण्यासारखी दगड होऊन बसली होती. मग तिची नाकपुडी हलली. श्वास रोखून धरला होता ना. आणि ते वर धरलेलं बोट हळूच, अगदी हळूच खाली आलं आणि फोन तुटला.

लगेच तुम्हाला फोन गेला असणार, आणि चिखलातून बस तुम्ही काढलीत.

मी रात्री पडल्या पडल्या सगळं जोडलं. मार्चपासून आधी माझी, मग तुमची तार खरोखरच तुटत होती. गोष्ट अर्धी माझ्याकडून, अर्धी तुमच्याकडून तिला मिळत गेली आणि तिने दोन्ही एकमेकींना शिवल्या. म्हणून तुमचा पाणघोडा माझ्या बसमध्ये आला. तिला वाटलं, गोष्ट अशीच असते. मग आपण हिरवी घेतली, तारा सुधारल्या आणि एका आजोबाच्या गोष्टीत दुसरा येईना. मग तिनेच तार तोडायला सुरुवात केली.

आता पेच असा. सूनबाईंना खरं सांगितलं तर भिंगरीला बोलणी बसतील. नाही सांगितलं तर शेवटच्या रविवारी यंत्र येईल. मी एक वेळापत्रक केलंय, सोबत जोडतो. त्यात वार नाहीत. रोज दोघंही, एकाच फोनवर. अर्धी गोष्ट एकाची, अर्धी दुसऱ्याची, आणि जो सुरू करेल त्याने ती सर्वांत वाईट ठिकाणी सोडायची. पुरी गोष्ट यापुढे कोणाचीच नाही, तुमचीही नाही आणि माझीही नाही. मला हे लिहिताना थोडं जड गेलं. पण तिला पुरी गोष्ट नकोच आहे, तिला दोन्ही आजोबा हवे आहेत.

विकायचं काम तुमचं. मुलीचे तुम्ही वडील आहात. भिंगरीच्या करामतीचा उल्लेख नको.

आपला,
ज्याच्या डोक्यात आता प्रकाश पडला तो

•

२५ मे

व्याहीसाहेब,

पत्र वाचलं आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटाच हसलो. पोर माझ्यावर गेलीय हे मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो. तुम्ही म्हणता तुमच्यावर गेलीय, कारण तिला वेळ साधता येते. त्यावर आपण पुढे भांडू.

मुलीला विकलं. कसं ते ऐका. मी म्हटलं, यंत्र जरूर आण, चांगलंच असेल. फक्त दुकानदाराला एकदा विचार, ते मध्येच थांबून, आता पुढे काय होईल सांग बरं, असं विचारतं का? आणि भिंगरीने काही वेडंवाकडं सांगितलं तर तशी गोष्ट बदलतं का? मग तुमचा तक्ता पाठवला. तिने उत्तर पाठवलं: बाबा, हे अक्षर सासऱ्यांचं आणि बोलणं तुमचं. म्हणजे तुम्ही दोघं खरंच एकत्र काही केलंत? मी म्हटलं, बघ, पटलं तर घे. तिने घेतलं. या वेळी माल खरा होता, त्यामुळे विकताना मला चुकल्यासारखं होत होतं.

कालचा पहिला दिवस छान झाला. तुम्ही पाणघोड्याला बसच्या शिडीवर लटकत सोडलंत ते दुष्टपणाचं होतं, पण मी त्याला उतरवला. मुलगी मागे उभी राहून ऐकत होती, हे तुम्हाला दिसलं का? लहानपणी ऐकायची तशीच उभी होती, एका पायावर.

शेवटचा प्रकार मात्र मला समजला नाही. गोष्ट संपली, मुलगी म्हणाली आजोबांना टाटा कर, आणि भिंगरी थिजली. मी घड्याळाकडे बघितलं, काटा चालत होता, मी मनात हसलो. पण मग बघतो तर तुम्हीही थिजलेले. चष्मा नाकावर, हात वर. मी चार वेळा हॅलो केलं. तुमच्या मागे काही घड्याळ नाही, त्यामुळे खात्री करता येईना. शेवटी मी फोन ठेवला आणि हिरवीकडे तुमच्या नावाने रीतसर तक्रार केली. दोन दिवसांत माणूस येईल. त्याला चहा द्या.

आपला,
अर्ध्या गोष्टीचा मालक

•

२९ मे

व्याहीबुवा,

तक्रार मागे घ्या. माणूस येऊन गेला, त्याने तार तपासली आणि माझ्याकडेच संशयाने बघितलं. चहा दिला.

माझं नेट गेलं नव्हतं. तुम्हाला सांगतो, पण तुमच्यापाशीच ठेवा. टाटा कर म्हटल्यावर भिंगरी थिजली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, आता का? गोष्ट तर दोघांचीही मिळाली, दुसऱ्या आजोबांना बोलवायचं राहिलं नाही. मग कळलं. तिला आपल्याला जाऊ द्यायचं नव्हतं. चित्र अडकलेलं असलं की फोन कोणी ठेवत नाही, वाट बघत बसतात, हे ती आपल्याकडूनच शिकली.

म्हणून मीही थिजलो.

तुम्ही हॅलो हॅलो करत होता ते ऐकू येत होतं. सौ. दारात येऊन म्हणाली, गेलं का परत? मी उत्तर दिलं नाही, नाहीतर हललो असतो. मग तुम्ही गेलात. सूनबाई दिवा मालवायला आतल्या खोलीत गेल्या. भिंगरीचे ओठ जरासे थरथरले, पण तिने धरून ठेवलं. मीही धरून ठेवलं. ती माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे, आणि दोघंही अडकलेले. शेवटी खोकला मला आला. ती इतकी हसली की पलंगावरून खाली पडली, आणि तिच्या आईला वाटलं तार जोडली गेली.

पुढच्या वेळी तुम्हीही थिजून बघा. मिशा तेवढ्या सांभाळा, त्या हलतात.

आम्ही दोघं किती वेळ तसे बसलो होतो ते तुम्ही विचाराल. मला सांगता येणार नाही. घड्याळ समोरच होतं, पण मी बघितलं नाही.

आपला,
उरलेल्या अर्ध्या गोष्टीचा मालक